पुरुषोत्तमपुरीला भेटलेली ओवी

उठा. कोंबडा आरवायला वेळ आहे, पण पलीकडच्या खणात आत्याबाई खोकल्या, म्हणजे उजाडलंच समजा. मोबाइल चाचपू नका, उशाला वाकळेची गुंडाळी आहे फक्त. मिशा असतील तर त्या आजच्यापुरत्या विसरा. तुम्ही या घरातली धाकटी सून आहात. वर निजामाचं राज्य आहे, खिशात असलाच तर हाली शिक्का आहे (खिसाही नाही, कनवटीला), आणि गाव माजलगावच्या पलीकडे, गंगेच्या काठावर. गंगा म्हणजे गोदावरी. तिला गोदावरी म्हणणारा माणूस इथं परगावचा समजला जातो.

माळवदाच्या सवण्यातून एक चांदणी दिसते. करडईच्या तेलाचा दिवा लावा. सारवलेली भुई पायाला गार लागते आणि शेणाचा, राखेचा, रात्रीच्या भाकरीचा असा एक मिळून वास नाकात शिरतो. कोपऱ्यात जातं. थोरली जाऊ आधीच एक पाय लांब करून बसली आहे. तिच्या समोर बसा, तसाच पाय पसरा. खुंट्यावर तिचा हात वर, तुमचा खाली. आता जोंधळ्याची मूठ भरा, वैरण घाला आणि ओढा.

जड आहे ना? चार फेऱ्यांत दंड भरून येतील, दहा फेऱ्यांत पाठीचा काटा बोलायला लागेल. मग दगडाची घरघर एका लयीत येते आणि हात कुणाचा, जातं कुणाचं हे कळेनासं होतं. पाळ्याच्या कडेनं पीठ सांडतंय, त्याला हात लावून बघा. चांगलं ऊन लागतं. त्या कोमट पिठाचा गोडसर वास घशापर्यंत जातो. घाम गळ्यावरून खाली उतरतो, त्याला पीठ चिकटतं, पापण्या पांढऱ्या होतात. दळण पायलीभर आहे. घाई करून उपयोग नाही.

जाऊ गळा लावते. आधी देवाच्या ओव्या, तो रिवाजच. मग माहेर, भाऊ, आणि फिरून फिरून जनी. हीच गंगा पुढं गंगाखेडला जाते, जनाबाईच्या गावाला. त्यामुळं जनी इथं संत कमी आणि भावकीतली जास्त आहे. नामदेवाघरची दासी, तिला इठोबा दळू लागला, ही गोष्ट इथल्या बायका शेजारच्या आळीतली बातमी सांगावी तशी सांगतात.

आणि तुमच्या तोंडून काहीतरी निसटतं. कणगीचा तळ गेल्या आठवड्यात दिसला, तेव्हापासून डोक्यात घोळत होतं. दोन ओळी आहेत. देवाला म्हटलंय की जनीकडं दळायला गेलास ते बरं केलंस, पण आमच्याकडं येणार असलास तर दाणे घेऊन ये, इथं दळायलाच काही नाही.

जातं अर्धा फेरा मंदावतं. जाऊ तुमच्याकडं बघत नाही. तुमच्या छातीत धडधडतंय, आणि हे धडधडणं नीट लक्षात ठेवा, कारण छापखाना, समीक्षक, पुरस्कार हे सगळं यायच्या आधीपासून ते असंच होतं. इथं ‘वा’ म्हणायची पद्धत नाही. ओवी पटली नाही तर समोरची दुसरीच लावते आणि तुमची पिठात पडून मरते. पटली तर ती दुसरी ओळ उचलते.

जाऊ हुंकारते. मग दुसरी ओळ उचलते, तुमच्याच गळ्यात.

झालं. टाळ्या पडल्या. खुंटा एकदम हलका होतो.

“देवाला आसं बोलत्यात व्हय गं?” पलीकडून आत्याबाई. एवढी समीक्षा पुरे आहे, तुमचे कान लाल होतात. पण दिवस वर आल्यावर चुलीपाशी धुरात डोळे चोळत बसलेल्या याच आत्याबाई भाकरी थापता थापता काय गुणगुणताहेत ते ऐका. शब्द गिळताहेत, पण चाल ओळखीची आहे.

कागदावर उतरवून ठेवावी, असं तुमच्या आजच्या डोक्याला वाटत असेल. घरात कागद म्हणजे गड्यांच्या नावावरचे सरकारी उर्दू कागद, आणि तुम्हाला अक्षर येत नाही. इथून लांब मोमिनाबाद आहे (तुम्ही अंबाजोगाई म्हणता). तिथं दासोपंतांनी कापडाच्या लांबलचक पासोडीवर ग्रंथ लिहून ठेवला. तुमच्या अंगावरची पासोडी मात्र अंगालाच पुरत नाही.

मग दिवस जातात. खुरपणीला, आडावर, धुणं आपटताना तुम्ही कान देऊन असता. ओवी आळीत फिरली. नणंद सासरी गेवराईकडं गेली तेव्हा तिच्याबरोबर गेली असावी. पण कुणी एकीनंही विचारलं नाही, “ही केली कुणी?” आणि हे मनाला लागलं, तेही सांगायची सोय नाही. देवाचं नाव घेतलं, त्याचं कसलं आलंय कौतुक? तुम्हीच मनाला दटावता.

मला विचाराल तर ही दटावणी फार मनावर घेऊ नये. भक्तिकवींच्या नम्रतेवर आपण उगाच शब्दशः विश्वास ठेवतो. जनी स्वतःला दासी म्हणवते हे खरं, पण अभंगाच्या शेवटी ती आपलं नाव घालते हेही खरं. पुसून जायचंच असतं, तर ती नाममुद्रा कशाला? देव ऐकतोच. पण माणसानंही ऐकावं आणि ऐकून मान वळवून बघावं, एवढं तिला हवं असणार. तुम्हालाही हवं आहे. तुमच्या दोन ओळींत मात्र नाव बसवायला जागा नव्हती.

आता अधिकाचा महिना, आणि नेमका जेठ. गाडी जुंपली आहे, पुरुषोत्तमपुरीला, पुरुषोत्तमाच्या जत्रेला जायचंय. बैलांच्या घुंगरांचा आवाज आणि फुफाटा. लुगड्याचा पदर तोंडावर घ्या, तरी दाताखाली माती कचकचणारच. वाट लांब आहे, तेवढ्यात पुढची एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती तुमच्या जावेला ठाऊक असणं शक्य नाही. पन्नासेक वर्षांनी हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ नावाची माणसं सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करतील, लाखाच्या वर. १९९० च्या दशकात त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित होतील. माजलगावच्या भीमनगरातल्या बायका त्याच दगडावर, त्याच गळ्यात इठोबाच्या जागी भीमरायाला आणि बुद्धाला बसवतील. ओवीपुढं गाणारीचं नाव आणि गाव लिहिलं जाईल. गाणारीचं. करणारीचं नाव कुणाला विचारायचं, हा पेच तेव्हाही सुटणार नाही.

उतरा. वाळू तापली आहे, टाचांवर चाला. गंगेचं पात्र उन्हाळ्यानं आखडलंय आणि त्या पाण्यात गावंच्या गावं उतरली आहेत. ओल्या लुगड्यांचा वास, कापूर, बैलांचं शेण, तेलात फुगणारे पुरणाचे धोंडे, गुळावर घोंगावणाऱ्या माश्या. कासाराच्या पालाशी बायकांची झुंबड, चुकलेल्या पोराचा टाहो, आणि कुणाच्या तरी जावयाची कौतुकानं चाललेली थट्टा. डुबकी मारा. वरून ऊन, खालून चिखल, मध्ये कमरेपर्यंतचा गारवा. देवळाच्या दाराशी दोन्ही बाजूंनी कोपरं लागतात, धोंड्यांचं ताट डोक्यावर धरा नाहीतर चेंगरेल. कळसाच्या विटा पाण्यावर तरंगतात असं मागचा म्हातारा सांगतोय, पुढची म्हातारी त्याला पाय न तुडवायला सांगतेय. याच गावात यादव राजा रामचंद्राचा १३१० चा ताम्रपट मिळाला. कुणाला गाव दिलं, काय दिलं, सगळं तांब्यात कोरलेलं. राजाचं बरं असतं.

दर्शन झालं. नदीकाठी बाभळीच्या विरळ सावलीत शिदोरी सोडली आहे. आणि पाठीमागं कुणीतरी ओवी म्हणतंय.

तुमची.

घास तोंडात तसाच राहतो. वळून बघा. परक्या गावची बाई, पिकलेले केस, मांडीवर नातू, त्याला थोपटत म्हणतेय. जात्याचा गळा तिनं अंगाईइतका सैल केलाय. इठोबाच्या जागी पुरुषोत्तम आलाय. पहिली ओळ तुमचीच. दुसरी बदलली आहे. तिचा देव दाणे घेऊन दारात आलाय आणि ती त्याला म्हणतेय, दाणे आणलेस, मग वाटेवरच्या माझ्या भावाला मागं का ठेवलंस?

आधी राग येतो. मोडली की हिनं! मग तीच ओळ पुन्हा ऐकू येते आणि पोटात काहीतरी हलतं, कारण तुमच्या ओळीत हसू होतं, हिच्या ओळीत हसू आहे आणि वर भाऊही आहे. चांगली झाली आहे. तुमच्यापेक्षा चांगली. हे कबूल करायला भाकरीचा अख्खा तुकडा गिळावा लागतो.

जावेला कुठला दम धरवतोय. “मावशे, ही ओवी कुठली गं?”

“आमच्या मायची हाय. दळताना म्हनायची.”

“आगं, मायची कशी? हिची हाय ती! मागल्या सुगीआधी माझ्या म्होरं केली हिनं, खुंट्याला हात माझा व्हता!”

बाई तुम्हाला पायापासून डोक्यापर्यंत बघते. “आसंल बाई. पर माझी माय जाऊन बारा वर्सं झाली.”

नातू झोपलाय. जाऊ तोंड उघडून गप्प. आणि तुमच्या मनात पहिल्यांदाच शंका येते. खरंच सुचली होती का ती? की लहानपणी अर्धवट झोपेत, आईच्या मांडीवर डोकं ठेवून जात्याच्या घरघरीत ऐकलेली कुणाची तरी वर आली? जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात. कुठून सुचते ते कुणी म्हणत नाही. नणंदेबरोबर गेवराईला गेलेली ओवी फिरून हिच्या आठवणीत मायच्या तोंडी जाऊन बसली असेल, किंवा तिच्या मायची तुमच्याकडं आली असेल. गंगेकाठच्या गावांत लेकी सतत दिल्या-घेतल्या जातात, हिशेब कोण ठेवणार?

पण ती भावाची ओळ तुम्हाला हवी आहे. उद्या पहाटे हवी आहे.

“मावशे, ती दुसरी पुन्यांदा म्हना की.”

“फुकट न्हाई,” बाई म्हणते. “तुझी एक दे. माझ्या मायनं न केलेली.”

आत्याबाई गाडीपाशी उभ्या राहून हाका मारताहेत, बैल जुंपून झालेत, ऊन कलायच्या आत निघायचंय. तुम्ही तापल्या वाळूत बसकण मारता. देवळाच्या दाराशी खाल्लेली कोपरं आठवतात, आणि एवढ्या गर्दीत बिचारा पुरुषोत्तम आपल्याच दारातून बाहेर कसा पडत असेल, हे डोक्यात येतं. ओठ हलतात.

“थांब,” जाऊ पदर खोचून मध्ये सरकते. “ह्या बारीला मी साक्षीला हाय. आता गा.”