टाळूतील स्क्रू आणि शंभर वर्षांची शंका

दात वेडेवाकडे आले म्हणजे लोक दातांनाच नावे ठेवतात. पुष्कळदा दोष दातांचा नसून जागेचा असतो. वरचा जबडा अरुंद राहिला की दातांना ओळीने उभे राहण्यास ठाव उरत नाही.

वरचा जबडा अखंड नसतो. त्याचे डावे व उजवे असे दोन भाग टाळूच्या मध्यरेषेवर सांधलेले असतात, आणि लहान वयात हा सांधा घट्ट झालेला नसतो. १८६० साली सॅन फ्रान्सिस्कोचे दंतवैद्य इमर्सन एंजेल यांनी चौदा वर्षांच्या एका मुलीच्या टाळूत आडवा स्क्रू बसविला, त्याची टोके दोन्हीकडच्या दातांना टेकविली आणि फिरविण्याची किल्ली तिच्याच हाती दिली. दोन आठवड्यांत तिच्या समोरच्या दोन दातांमध्ये फट पडली. सांधा उघडल्याची ती खूण होय, असे एंजेल यांनी लिहिले. समव्यवसायी मंडळींना ते पटले नाही. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. तोवर तोंडाच्या आतील पुरावा दाखवावा कसा?

वस्तुतः युक्ती वेगाची आहे. हलका दाब संथपणे दिला तर दात एकटाच सरकतो. दाबाच्या बाजूचे हाड झिजते व मागे नवे हाड धरते. परंतु स्क्रूचा पाव फेरा जबडा सुमारे पाव मिलिमीटर रुंदावतो, आणि असे एक-दोन फेरे रोज दिले म्हणजे दाताला सरकण्यास सवड मिळत नाही. मग दात केवळ मूठ बनतो; जोर हाडावर जातो आणि सांधा उघडतो. पुढे काही महिने उपकरण तसेच ठेवावे लागते, तेव्हा कोठे त्या फटीत नवे हाड भरते.

१९६१ साली अँड्र्यू हास यांनी डुकरांवरील प्रयोग आणि रुग्णांची क्ष-किरणचित्रे पुढे मांडली, तेव्हा एंजेल यांचे म्हणणे मान्य होऊ लागले. भारतातील दंतसुधारतज्ज्ञांची संघटना १९६५ साली स्थापन झाली.

आज वडोद्याच्या हरणी भागातील एखादी आईही मुलीच्या टाळूतील स्क्रूला रात्री किल्ली देऊ शकते. मात्र वेळ साधली पाहिजे. वय वाढले की सांधा आवळत जातो. मग तोच स्क्रू दात नुसते कलंडवितो, आणि शस्त्रक्रियेची मदत घ्यावी लागते.