पॅप स्मिअर नॉर्मल, म्हणजे संसर्ग नाही? गर्भाशयमुखाच्या नमुन्यात नेमकं काय तपासतात?

पॅप स्मिअरचा रिपोर्ट नॉर्मल आला की आपल्याला लैंगिक संबंधांतून पसरणारा कोणताही संसर्ग नाही, असा अनेकींचा समज होतो. पण नमुना गर्भाशयमुखाचाच असला, तरी त्यावर होणाऱ्या तपासण्या वेगवेगळ्या असतात.

पॅप स्मिअर काय सांगतं?
यात गर्भाशयमुखाच्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कॅन्सरच्या दिशेने जाणारे बदल शोधणं हा उद्देश. ट्रायकोमोनाससारखा परजीवी कधीकधी दिसतो, पण क्लॅमिडिया किंवा गोनोरिया (परमा) शोधण्यासाठी ही तपासणी नाही.

मग ते कसे सापडतात?
पीसीआरसारख्या तपासणीत जंतूच्या जनुकीय अंशाच्या असंख्य प्रती तयार करतात. त्यामुळे जंतू अगदी थोडे असले तरी सापडतात. क्लॅमिडिया पेशीच्या आत वाढतो, नेहमीच्या कल्चरमध्ये उगवत नाही. म्हणून ही पद्धत महत्त्वाची. बहुतेक स्त्रियांमध्ये क्लॅमिडियाची लक्षणं दिसतच नाहीत. उपचार न झाल्यास तो गर्भनलिकांपर्यंत पोहोचून वंध्यत्व येऊ शकतं. वेळेत कळलं, तर अँटिबायोटिक्सने बरा होतो. मात्र जोडीदारालाही उपचार हवेत, नाहीतर संसर्ग परत होतो.

एचपीव्ही तपासणी वेगळी का?
एचपीव्ही हा विषाणू आहे. त्याचे 16 आणि 18 हे प्रकार गर्भाशयमुखाच्या सुमारे 70 टक्के कॅन्सरना कारणीभूत असतात. पेशी बिघडण्याआधीच विषाणू सापडतो, हा या तपासणीचा फायदा.

याचा एक मोठा पुरावा महाराष्ट्रातला आहे. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 महिलांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटाला एकदाच एचपीव्ही तपासणी देऊ केली होती, त्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरमुळे झालेले मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. पॅप स्मिअरच्या गटात अशी ठळक घट दिसली नाही.

जागतिक आरोग्य संघटना 30 वर्षांनंतर दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्ही तपासणी सुचवते. एचआयव्ही असलेल्या महिलांनी 25 व्या वर्षापासून, दर तीन ते पाच वर्षांनी ती करावी. यासाठी योनीमार्गातला स्वॅब स्वतःही घेता येतो.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर?
एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेकदा शरीर साधारण दोन वर्षांत हा विषाणू स्वतःच काढून टाकतं. तो वर्षानुवर्षं लपूनही राहू शकतो. त्यामुळे रिपोर्टवरून जोडीदारावर संशय घेणं चुकीचं आहे. पुढची तपासणी मात्र टाळू नये.

डॉक्टरांना काय विचाराल?
'रिपोर्ट नॉर्मल आहे ना?' एवढ्यावर थांबू नका. 'नेमकी कोणती तपासणी केली, आणि कोणती राहिली?' हेही विचारा. पांढरं किंवा दुर्गंधीयुक्त पाणी जाणं, ओटीपोटात दुखणं किंवा संबंधांनंतर रक्त जाणं असा त्रास असेल, तर रिपोर्ट नॉर्मल असला तरी डॉक्टरांना दाखवा.