करोना आणि रक्ताच्या गुठळ्या : औषध कोणाला, किती?

प्रतिनिधी

श्वसनमार्गाच्या विषाणूजन्य आजारात रक्तात गुठळ्या का व्हाव्यात, हा प्रश्न २०२० पूर्वी फारसा कोणाला पडला नसता. करोनाच्या साथीत मात्र ‘डी-डायमर’ हा शब्द घरोघरी पोहोचला. २०२१ मधील दुसऱ्या लाटेत अनेकांनी परस्पर ही तपासणी करून घेतली आणि घाबरून अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्याही सुरू केल्या. भीती निराधार नव्हती. उपाय मात्र बहुतेकांच्या बाबतीत चुकीचा होता.

रक्तप्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या आतील अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे ही गुठळी होण्याची तीन मूळ कारणे मानली जातात. जर्मन वैद्यक रुडॉल्फ विर्शो यांच्या नावाने ही त्रयी ओळखली जाते. गंभीर करोनात तिन्ही कारणे एकत्र येतात. रुग्ण अंथरुणाला खिळलेला असतो, दाहामुळे अस्तर दुखावलेले असते आणि रक्तातील फायब्रिनोजेनसारखे गोठवणारे घटक वाढलेले असतात. पायाच्या नीलेत तयार झालेली गुठळी सुटून फुफ्फुसात अडकली, तर काही मिनिटांत प्राणावर बेतू शकते. शिवाय फुफ्फुसातच सूक्ष्म गुठळ्या होतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या शवविच्छेदन अभ्यासात करोनाने दगावलेल्यांच्या फुफ्फुसांतील केशवाहिन्यांत अशा गुठळ्यांचे प्रमाण फ्ल्यूने दगावलेल्यांच्या नऊपट आढळले.

प्रतिबंधासाठी मुख्य औषध हेपरिन. त्याला ‘रक्त पातळ करणारे’ म्हणण्याची रूढी आहे, पण ती दिशाभूल करणारी आहे. हेपरिनने रक्त पातळ होत नाही आणि झालेली गुठळी विरघळतही नाही. शरीरातील अँटीथ्रॉम्बिन या प्रथिनाला बळ देऊन ते नवी गुठळी होणे रोखते. एनॉक्सापॅरिन हा त्याचाच एक प्रकार. त्याचे इंजेक्शन सहसा पोटाच्या त्वचेखाली देतात.

खरा वाद मात्रेचा होता. प्रतिबंधासाठी कमी मात्रा द्यावी की गुठळी झाल्यावर देतात तशी पूर्ण मात्रा? ऑगस्ट २०२१ मध्ये याचे उत्तर मिळाले आणि ते काहीसे अनपेक्षित होते. रुग्णालयात दाखल, पण अतिदक्षतेची गरज नसलेल्या २,२१९ रुग्णांच्या चाचणीत अवयवांना कृत्रिम आधार न लागता घरी गेलेल्यांचे प्रमाण पूर्ण मात्रेने ८०.२ टक्के, तर नेहमीच्या प्रतिबंधात्मक उपचाराने ७६.४ टक्के होते. मोठा रक्तस्राव मात्र ०.९ वरून १.९ टक्क्यांवर गेला. जे आधीच अत्यवस्थ होते त्यांना पूर्ण मात्रेचा फायदा झालाच नाही. रक्तस्राव तेवढा वाढला. म्हणजे सर्वाधिक आजारी रुग्णाला सर्वाधिक औषध, हा तर्क येथे खोटा ठरला. अशा रुग्णांसाठी कमी मात्राच योग्य मानली जाते. भारतात मे २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही मध्यम आजारासाठी प्रतिबंधात्मक मात्राच सांगितली होती, तीही रक्तस्रावाचा धोका नसेल तरच.

अ‍ॅस्पिरिनचा हिशेबही झाला. ब्रिटनमधून चालवल्या गेलेल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत सुमारे १५ हजार रुग्णांचा समावेश होता. २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण दोन्ही गटांत १७ टक्केच राहिले. घरी बरे होणाऱ्या सौम्य रुग्णांना अशा औषधांची गरज नसते. हालचाल आणि पुरेसे पाणी एवढे त्यांना पुरते. हृदयातील कृत्रिम झडप वगैरे कारणांनी ज्यांना आधीपासून अशी औषधे चालू आहेत, त्यांनी मात्र ती आपल्या मनाने थांबवू नयेत.

हेपरिन देण्यापूर्वी डॉक्टर मूत्रपिंडाचे कार्य पाहतात, कारण एनॉक्सापॅरिनचा निचरा तेथूनच होतो. उपचार सुरू असताना बिंबिकांवर लक्ष ठेवतात. हेपरिनमुळे क्वचित त्या झपाट्याने घटतात.

घरी परतल्यावर सर्वांनाच गोळ्या लागतात असे नाही. ब्राझीलमधील ३२० अतिजोखमीच्या रुग्णांच्या चाचणीत ३५ दिवस रिव्हरॉक्साबॅन घेतल्याने गुठळ्या व त्यासंबंधीच्या मृत्यूंचे प्रमाण ९ वरून ३ टक्क्यांवर आले. ही निवड डॉक्टरांनीच करायची. एकाच पोटरीला सूज व वेदना, अचानक धाप लागणे, छातीत दुखणे किंवा थुंकीतून रक्त पडणे यांपैकी काहीही जाणवल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. औषध चालू असताना काळी शौच किंवा न थांबणारा नाकाचा घोळणा दिसला, तरीही तेच करावे.