बालकांतील चिंता आणि कुटुंब

मुलाच्या मनातील भीती वयानुसार ओसरत नाही आणि शाळा, झोप, खेळ, मैत्री यांच्या आड येऊ लागते, तेव्हा तिला चिंताविकार म्हणतात. भीती हा मुळात आजार नव्हे. आठव्या महिन्याच्या सुमारास बाळ परक्या माणसाला पाहून रडते, तिसऱ्या-चौथ्या वर्षी अंधाराला भिते, शाळकरी वयात चारचौघांत हसे होण्याची धास्ती घेते. हे वाढीचेच टप्पे होत. विकार जडलेले मूल मात्र ‘मला चिंता वाटते’ असे सांगत नाही. शाळेच्या दिवशी सकाळी त्याचे पोट दुखते, आई नजरेआड झाली की ते कासावीस होते, एकच प्रश्न दहादा विचारते, कधी नुसती चिडचिड करते. त्यामुळे अशी पुष्कळ मुले आधी पोटाच्या तपासण्यांतून जातात. भारतात 2015–16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 या वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण सुमारे 7.3 टक्के आढळले.

कुटुंब आणि मुलाची चिंता यांचा संबंध ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी ठळकपणे मांडला. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी 1951 मध्ये लिहिलेल्या अहवालामुळे मायेच्या माणसाशी होणारी ताटातूट हा आरोग्याचा प्रश्न ठरला. पुढे मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी युगांडात आणि बाल्टिमोरमध्ये माता-बालकांची निरीक्षणे केली. आपण घाबरलो की मोठे माणूस धावून येईल अशी खात्री असलेले मूल अधिक धीटपणे आसपासचे जग धुंडाळते, असे त्यांना दिसले. बोल्बींनी 1973 च्या ग्रंथात एका विशिष्ट सवयीकडे बोट दाखवले : सोडून जाण्याची धमकी. आपल्याकडे हट्टी मुलाला ‘इथेच टाकून जाईन’, ‘पोलीस धरून नेतील’ असे सहज सुनावले जाते, बागुलबुवाही बोलावला जातो. मोठ्यांच्या लेखी ते क्षणाचे बोलणे असते. लहान मूल ते शब्दशः खरे मानते.

या विचाराची एक बाजू अन्यायाची ठरली. मुलाच्या प्रत्येक दुखण्याचे खापर आईवर फुटू लागले. मनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी 1972 मध्ये बोल्बींच्या मांडणीची फेरतपासणी केली. मूल आईखेरीज इतरांशीही घट्ट नाते जोडते आणि नुसत्या ताटातुटीपेक्षा घरातील बेबनाव अधिक घातक असतो, हे त्यांनी दाखवून दिले. एखादी अडचण मूल बहुधा पेलते. अडचणी एकावर एक साचल्या की धोका झपाट्याने वाढतो, हेही त्यांच्याच अभ्यासातून पुढे आले. पालकांचा वाटा प्रत्यक्षात किती, याचे एक उत्तर 2007 च्या एका संकलनात मिळते. त्यात 47 अभ्यास एकत्र तपासले असता मुलामुलांच्या चिंतेतील फरकापैकी सुमारे 4 टक्केच फरक पालकांच्या वागण्याशी जोडता आला. आनुवंशिकता आणि उपजत स्वभाव यांचा भाग मोठा आहे. मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांच्या निरीक्षणांत चार महिन्यांच्या बाळांपैकी सुमारे एक पंचमांश बाळे नव्या आवाजाने, नव्या वस्तूने फार अस्वस्थ होणारी निघाली. पुढे बुजरी होणारी मुले त्यांच्यातच अधिक होती. शिवाय परिणाम उलट दिशेनेही होतो. भित्र्या मुलाशी कोणतेही आईबाप जास्त सांभाळून वागतात. तेव्हा चिंताग्रस्त मुलाच्या आईला ‘तूच लाडावून ठेवलेस’ असे ऐकवणे क्रूरपणाचे आहे आणि शास्त्राला धरूनही नाही.

तरीही या छोट्या वाट्याकडे दुर्लक्ष करता येत नाही, कारण तो बदलता येतो. त्याच संकलनात, मुलाला वयानुसार स्वतः निर्णय घेऊ देणे या एका घटकाचा संबंध इतर घटकांपेक्षा बराच अधिक दिसला. भीती पाहूनही शिकली जाते. ऑस्ट्रेलियात 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दीड वर्षाच्या आसपासच्या मुलांना रबरी साप आणि कोळी दाखवले गेले. जी वस्तू पाहून आईने भेदरलेला चेहरा केला होता, ती वस्तू मुलांनी नंतरही टाळली.

नेहमीच्या घरात याहून महत्त्वाची ठरते ती भीतीला दिली जाणारी सवलत. मूल कुत्र्याला भिते म्हणून घरचे रस्ता बदलतात, एकटे झोपत नाही म्हणून दहाव्या वर्षीही कोणीतरी शेजारी निजते, पाहुण्यांशी बोलत नाही म्हणून आजी त्याच्या वतीने उत्तर देते. प्रत्येक वेळी मुलाला लगेच हायसे वाटते, घरही शांत होते. परंतु ‘हे मला झेपले’ असा अनुभव त्याला मिळत नाही आणि भीती पक्की होते. यामागे निष्काळजीपणा नसतो, बहुतेकदा निखळ माया असते. एकत्र कुटुंबात आईने धीर धरून सवलत कमी करायची ठरवली, तरी इतर मोठ्यांना मुलाचे रडणे पाहवत नाही. म्हणून उपचारात सगळ्या घराला सामील करून घ्यावे लागते.

परिस्थितीचा दाब मुलापर्यंत बहुधा पालकांमार्फतच पोहोचतो. 1980 च्या दशकातील अमेरिकी शेतीसंकटानंतर संशोधक रँड काँगर यांनी तिथल्या आयोवा राज्यातील ग्रामीण कुटुंबांचा अभ्यास केला. कर्जाच्या ओढाताणीने आईबाप खचतात, एकमेकांवर खेकसतात, आणि त्याची झळ मुलांना लागते, अशी साखळी त्यात दिसली. विदर्भ-मराठवाड्यातील वाचकाला ही साखळी निराळी समजावून सांगायला नको. मात्र पैसा आला की सारेच सुधारते असे नाही. अमेरिकेतीलच उत्तर कॅरोलायनात चेरोकी या मूळनिवासी लोकांच्या भूमीवर 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅसिनो सुरू झाला आणि त्याच्या नफ्याचा वाटा कुटुंबांना मिळू लागला. गरिबीतून वर आलेल्या घरांतील मुलांचा आक्रमकपणा व उद्धटपणा घटला, कारण पालकांना मुलांवर लक्ष ठेवायला वेळ मिळाला. चिंता आणि नैराश्य यांत मात्र तसा फरक पडला नाही.

महाराष्ट्रात ऊसतोडीच्या हंगामाकडे या दृष्टीने पाहायला हवे. मुकादमाची उचल घेतलेले जोडपे, म्हणजे एक कोयता, दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यातून कारखान्याच्या वाटेला लागते. मुले बरोबर गेली तर शाळा तुटते आणि उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहावे लागते. मागे राहिली तर आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात पाच-सहा महिने काढावे लागतात. दरवर्षीची ही ताटातूट पटावरील गळतीच्या आकड्यांत थोडीफार उमटते, मुलांच्या मनःस्वास्थ्याच्या हिशेबात क्वचितच.

आईवडिलांच्या भांडणाबाबत मानसशास्त्रज्ञ मार्क कमिंग्ज यांच्या अभ्यासांचा निष्कर्ष उपयोगी आहे : मतभेद मुलांसमोर मिटलेले दिसले, तर त्यांची अस्वस्थता बरीच कमी होते. दिवसेंदिवस चालणारा अबोलाही मुलांना भांडणाइतकाच जाचतो.

उपचारात भीतीला थोडे थोडे सामोरे जायला शिकवणारी बोधात्मक वर्तनोपचार पद्धती प्रमुख आहे. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी केवळ पालकांना प्रशिक्षण देणारी पद्धत घडवली. 124 मुलांच्या चाचणीत ती मुलावरील थेट उपचाराइतकीच परिणामकारक ठरली. चिंताविकार असलेल्या पालकांच्या 136 कुटुंबांवरील 2015 च्या अमेरिकी चाचणीत, मार्गदर्शन मिळालेल्या घरांतील 5 टक्के मुलांना वर्षभरात चिंताविकार जडला. नुसती माहितीपत्रिका मिळालेल्या घरांत हे प्रमाण 31 टक्के होते.

भारतातील पहिल्या बालमार्गदर्शन केंद्रांपैकी एक मुंबईत, आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, 1937 मध्ये सुरू झाले. बालमनोविकारतज्ज्ञ मात्र आजही मोठ्या शहरांतच एकवटलेले आहेत. ऑक्टोबर 2022 पासून ‘टेली-मानस’ची 14416 ही विनामूल्य दूरध्वनी सेवा चोवीस तास उपलब्ध आहे आणि पालकही तिथे मुलाविषयी मराठीत बोलू शकतात.