‘ध’ चा ‘मा’ कोणी केला?

घोरावाडीच्या फलाटावर मी लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलची वाट पाहत होतो. बाकावर माझाच एक विद्यार्थी मोबाइलमध्ये डोके घालून बसला होता. पडद्यावर, तोंडावर टोपडे ओढलेला एक मारेकरी जुन्या दमास्कसच्या गच्च्यांवरून उड्या मारीत चालला होता. ‘ॲसॅसिन्स क्रीड’ हा 2007 साली निघालेला खेळ. काळ 1191 चा, शहरे खरी. नायक अल्तायर मात्र कल्पित.

“सर, असा मारेकरी आपल्याकडे कोणी झाला का हो?”

“झाला की! सुमेरसिंग गारदी.”

“पण खरी ती आनंदीबाईच ना? तुम्हीच तर सांगितलंत, ‘ध’ चा ‘मा’!”

मी निरुत्तर झालो. ती गोष्ट मी वर्षानुवर्षे वर्गात रंगवून सांगत आलो होतो.

वाचकहो, हकीकत सर्वांना ठाऊक आहे. 30 ऑगस्ट 1773. भर दुपारी थकलेल्या पगाराची ओरड करीत गारदी शनिवारवाड्यात घुसले. अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे धावत जाऊन चुलत्याला, राघोबादादांना बिलगले. तेथेच त्यांचा अंत झाला. ना टोपडे, ना काळोख! मारेकऱ्यांची नावे साऱ्या पुण्याला माहीत होती. हुकूम कोणाचा, एवढाच प्रश्न होता. रामशास्त्री प्रभुणे यांनी शोध करून दोष खुद्द राघोबादादांच्या पदरी घातला.

मग हा ‘मा’ आला कोठून? राघोबांनी लिहिले ‘धरावे’, आनंदीबाईंनी केले ‘मारावे’, असे आपण सांगतो. पण ज्या पत्रावर ही गोष्ट उभी आहे, ते मूळ पत्रच आज उपलब्ध नाही. बाई अगदी निष्पाप होत्या असे मी म्हणत नाही. पण पुराव्यावाचून त्यांच्या हाती लेखणी दिली ती आपण, आणि लबाडीला त्यांच्या गोष्टीतला वाक्प्रचारही कायमचा दिला. राघोबादादा 1783 साली वारले. आनंदीबाई 1794 पर्यंत जगल्या, त्या नजरकैदेत. तुरुंग संपला, वाक्प्रचार संपला नाही.

एवढ्यात गाडी आली. आम्ही चढलो. तळेगाव गेले. त्या खुनाची किंमत याच मावळाने पाहिली. गादीसाठी राघोबादादांनी 1775 साली सुरतेस इंग्रजांशी तह केला. त्यांना पुण्यास बसवायला निघालेली इंग्रज फौज जानेवारी 1779 मध्ये तळेगावापर्यंत आली, माघारी फिरली आणि मराठ्यांच्या वेढ्यात सापडून वडगावास शरण आली.

वडगावचा फलाट दिसू लागला तसा मुलगा म्हणाला, “म्हणजे सर, ‘मा’ आनंदीबाईंनी केलाच नाही?”

“केला असे म्हणायला पुरावा नाही.”

“मग परीक्षेत काय लिहू?”

“हेच लिही. आणि सोमवारी वर्गात मी माझी चूक सांगणार आहे, तेव्हा हजर राहा.”