उमरीची बँक : इमारत छोटी, इतिहास मोठा

विष्णुपुरीच्या या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आहे. म्हणून आज त्यांच्या लढ्यातल्याच एका बँकेबद्दल बोलतो. ही बँक उमरीची. नांदेडहून रेल्वेनं निघालं की मुदखेडच्या पुढं, धर्माबादच्या अलीकडं उमरी लागते.

आधी बँक समजून घेऊ. निजाम सरकारनं 1941 मध्ये कायदा करून हैदराबाद स्टेट बँक काढली. 1942 मध्ये हैदराबादच्या गनफाउंड्रीत कामकाज सुरू झालं. ही नुसती ठेवी घेणारी बँक नव्हती. सरकारी खजिना तिच्याकडं आणि उस्मानिया सिक्क्याचा, म्हणजे आपल्या ‘हाली’ रुपयाचा कारभारही तिच्याकडंच. तेव्हा गावातली शाखा म्हणजे काय, तर निजामाच्या तिजोरीचा एक कप्पाच म्हणा ना!

आता काळ बघा. देश स्वतंत्र झाला, पण आपण नाही. नोव्हेंबर 1947 मध्ये ‘जैसे थे’ करार झाला, तरी खेड्यांत रझाकारांची दहशत चालूच. स्टेट काँग्रेसनं सरहद्दीबाहेर शिबिरं उघडली. यवतमाळ जिल्ह्यातलं उमरखेड हे त्यांपैकी एक. माणसं होती, जिद्द होती. पण शस्त्रं, औषधं, भाकरी यांना पैसा लागतो. तो आणायचा कुठून?

30 जानेवारी 1948 रोजी सशस्त्र कार्यकर्त्यांनी उमरीची बँक ताब्यात घेतली. वीस लाखांच्या घरातली रक्कम लढ्याकडं आली. स्वामीजी तेव्हा तुरुंगात होते. आणि योगायोग असा, की त्याच दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली.

मग ही लूट म्हणायची की कारवाई? निजामाच्या दफ्तरी तो दरोडाच. कार्यकर्त्यांचं म्हणणं, शेतसाऱ्यातून गोळा केलेला पैसा रयतेचाच. मला विचाराल तर प्रश्न इतका सोपा नाही. गांधींना मानणाऱ्या संघटनेतल्या माणसांनी बंदूक हातात घेतली, ही अडचण झाकून इतिहास सांगू नये. पण रझाकारांच्या छायेत जगणाऱ्या माणसाला तुम्ही-आम्ही इथं पंख्याखाली बसून न्याय देऊ, तोही खरा नाही.

पुढं सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, संस्थान संपलं. पण बँक राहिली! 1956 मध्ये ती रिझर्व्ह बँकेकडं गेली, ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ झाली, 1959 पासून भारतीय स्टेट बँकेची उपबँक. ज्या बँकेवर हल्ला झाला तिच्याच खिडकीवर पुढं मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी पीककर्ज घेतलं, मास्तरांनी पगार उचलला. लोक तिला ‘हैदराबाद बँक’च म्हणत. 1 एप्रिल 2017 ला तीही भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली आणि पाटी उतरली.

पाटी उतरली की आठवणही उतरते. म्हणून विद्यार्थ्यांना एवढंच सांगतो : एकदा उमरीला जा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांनी काय ऐकलं ते लिहून ठेवा. तिजोरीतल्या पैशाचा हिशेब बँक ठेवते. या इतिहासाचा हिशेब आपल्यालाच ठेवायचा आहे.