मोळी, थप्पी आणि कुऱ्हाडबंदी : हिवरे बाजारच्या निमित्ताने सरपणाच्या इतिहासाचा विचार

महाराष्ट्रातील वनांचा इतिहास आजवर बहुधा दोन दृष्टींनी लिहिला गेला आहे. एक दृष्टी कायद्याची व दुसरी वृक्षांची. कोणत्या साली कोणता कायदा झाला, किती क्षेत्र राखीव ठरले, कोणती झाडे तुटली व कोणती लावली गेली, याचा तपशील त्यात सापडतो. परंतु तुटलेले लाकूड चुलीपर्यंत पोहोचले कसे, ते कोणी वाहिले, कोठे रचून ठेवले आणि वाळेपर्यंत कोणी थांबले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वस्तुतः जळाऊ लाकडाच्या बाबतीत वाहतूक व साठवण याच निर्णायक गोष्टी होत. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील नगर तालुक्यातल्या हिवरे बाजार या गावाचे उदाहरण या दृष्टीने पाहिले असता त्या गावच्या प्रसिद्ध पंचसूत्रीचा एक वेगळा अर्थ लागतो.

दख्खनच्या अवर्षणप्रवण भागात सरपणाचे पहिले माप म्हणजे मोळी. डोक्यावर चुंबळ, तीवर दोरीने आवळलेली लाकडे. असा भार साधारणतः वीस ते तीस किलोंचा असतो आणि तो बहुशः स्त्रियांच्याच वाट्यास आलेला आहे. दुसरे माप बैलगाडीचे. ज्याच्या दारी बैलजोडी व बांधावर स्वतःची बाभूळ त्याचे सरपण गाडीने येई. ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते त्याचे डोक्यावरून येई. तिसरे माप शहरातील वखारीचे. तेथे लाकूड मणाने, आणि दशमान पद्धती आल्यानंतर क्विंटलने विकले जाऊ लागले. ही तीन मापे म्हणजे केवळ वजनाचे प्रकार नव्हेत. लाकडावर कोणाचा किती हक्क चालतो, हेच त्यांतून व्यक्त होते.

या मापांच्या मुळाशी असलेली एक भौतिक वस्तुस्थिती येथे ध्यानात घेतली पाहिजे. नुकत्याच तोडलेल्या ओल्या लाकडाच्या वजनाचा निम्म्याच्या आसपासचा भाग पाण्याचा असू शकतो. तेच लाकूड फोडून, मोकळ्या हवेत रचून काही महिने ठेवले म्हणजे हे प्रमाण पंधरा ते वीस टक्क्यांपर्यंत उतरते. ओले लाकूड जाळताना उष्णतेचा मोठा अंश आतील पाण्याची वाफ करण्यातच खर्च होतो. धूर वाढतो व भांडे उशिरा तापते. तेव्हा ओल्या फांद्यांची मोळी वाहणारी स्त्री सुमारे अर्धे ओझे पाण्याचेच वाहत असे, आणि तेही पाण्याच्या घागरीसाठी मैलोगणती चालावे लागणाऱ्या मुलखात. वखारीत वजनावर लाकूड घेणारा गरीब गिऱ्हाईकही याच पाण्याची किंमत मोजीत असे.

यावर उपाय ज्ञात नव्हता असे नाही. ओंडके फोडून ढलप्या करणे, जमिनीवर दगड मांडून त्यांवर आडवी-उभी थप्पी रचणे, मधून वारा खेळेल अशी फट ठेवणे, वाळवी व ओल यांपासून जपण्यासाठी थप्पी पडवीत किंवा वळचणीखाली घेणे, आणि पावसाळ्याची बेगमी उन्हाळ्यातच करणे, हे सर्व खेड्यांतील गृहिणींना पूर्वापार ठाऊक होते. पाश्चात्त्य देशांत आज फोडलेले लाकूड लाकडी पॅलेटांवर रचतात, किंवा द्रवपदार्थांच्या हजार लिटरच्या टाक्यांभोवती असणाऱ्या लोखंडी पिंजऱ्यांत भरतात आणि ते पिंजरे यंत्राने उचलून जसेच्या तसे दारापर्यंत नेतात. या पद्धतीचे तत्त्वही तेच आहे : लाकूड जमिनीपासून वर असावे, वारा लागावा, आणि एकदा रचलेली रास पुन्हापुन्हा हाताळावी लागू नये. फरक ज्ञानाचा नसून संचयाच्या सामर्थ्याचा आहे. थप्पी रचण्यासाठी वर्षभराचे लाकूड एकदम हाती यावे लागते. जिला आजची मोळी आजच जाळावयाची आहे, तिला लाकूड वाळविण्यास अवधी कोठून मिळणार? दारिद्र्याचे एक लक्षण ओल्या सरपणात दिसते ते यामुळे.

वनविषयक कायद्यांनी या परिस्थितीत कोणती भर घातली, ते आता पाहावे. १८६५ च्या पहिल्या कायद्यानंतर १८७८ चा व पुढे १९२७ चा भारतीय वन अधिनियम आला. वने राखीव व संरक्षित अशा वर्गांत विभागली गेली, आणि लाकूड तोडण्यावरच नव्हे, तर त्याची ने-आण करण्यावरही नियम घालण्याचा अधिकार सरकारकडे गेला. डोंगर-टेकड्या नव्या खात्याच्या हाती गेल्याने लहान शेतकऱ्याच्या गुरांना चरावयास जागा उरली नाही, अशी तक्रार महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात मांडली. त्यानंतर दहा वर्षांनी, १८९३ मध्ये, डॉ. जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांचा भारतीय शेतीच्या सुधारणेविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. लाकडाच्या अभावी शेण गोवऱ्यांच्या रूपाने जळते व शेत खताला मुकते, म्हणून जळण व चारा यांसाठी स्वतंत्र राखीव क्षेत्रे असावीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीतही शेण खतासाठी वाचावे म्हणून जळाऊ लाकडाची तरतूद करण्याचा विचार पुन्हा आला. निदान अचूक होते, पण ते साठ वर्षांनी पुन्हा मांडावे लागले, यातच त्याच्या अंमलबजावणीची कथा आली. शासनाने कुऱ्हाडीची दखल घेतली. चुलीची मात्र घेतली नाही. १९२७ च्या अधिनियमात ग्रामवनांची तरतूद असूनही दख्खनच्या खेड्यांत तिचा फारसा उपयोग झाला नाही. परिणामी बंदी आली की मोळी थांबत नसे. ती अधिक लांबून किंवा चोरून आणावी लागे.

हिवरे बाजारची पूर्वस्थिती याच साखळीतील होती. पर्जन्यछायेतील हे गाव सरासरी चारशे मिलिमीटरांच्या आसपास पावसावर अवलंबून आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर गावातून रोजगारासाठी स्थलांतर वाढले, टेकड्या उघड्या पडल्या आणि दारूच्या अड्ड्यांमुळे गावाची दुष्कीर्ती झाली. १९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गाव शासनाच्या आदर्शगाव योजनेत आले. रोजगार हमीच्या साहाय्याने टेकड्यांवर समतल चर खोदले गेले व वृक्षलागवड झाली. राळेगण सिद्धीच्या धर्तीवर ग्रामसभेने स्वीकारलेली पंचसूत्री सर्वश्रुत आहे : श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी व नसबंदी.

ही सूत्रे नीतिनियम म्हणून सांगितली जातात. सरपणाच्या दृष्टीने पाहता मात्र त्यांतील तीन सूत्रे एकमेकांत गुंतलेली आढळतात. कुऱ्हाडबंदीने लाकडाचा पुरवठा आटतो. नशाबंदीने एक मागणी कमी होते. कारण हातभट्टी जेथे जेथे चालते तेथे तिच्याखाली जळण अखंड लागते. आणि चराईबंदीने जनावर गोठ्यात येते. हा तिसरा दुवा सर्वांत महत्त्वाचा होय. रानात चरणाऱ्या गुराचे शेण रानभर विखुरते, तर गोठ्यात बांधलेल्या गुराचे एका जागी साचते. दोन घनमीटर क्षमतेच्या गोबरगॅस संयंत्रास दररोज सुमारे पन्नास किलो ताजे शेण लागते. म्हणजे गोठ्यातील चार-पाच जनावरे त्यास पुरतात. त्यातून लहान कुटुंबाचा स्वयंपाक होऊ शकतो व उरलेली मळी खत म्हणून शेतात जाते. टेकडीवर राखलेले गवत कापून आणावयाचे, ते गोठ्यातील जनावरास घालावयाचे आणि त्याच्या शेणातून चूल पेटवावयाची, असा हा क्रम आहे. व्होएल्कर यांच्यापुढील पेच शेण जाळावे की शेतात घालावे असा होता. गोबरगॅसने तोच पेच सोडविला. कारण येथे शेण जळण देऊनही शेताकडे परत जाते. गावात अशी संयंत्रे बसली, आणि कुऱ्हाडबंदीला चुलीचा आधार मिळाला.

तथापि या व्यवस्थेची मर्यादाही नोंदविली पाहिजे. संयंत्रासाठी जनावरे हवीत, पाणी हवे व अंगणात जागा हवी. भूमिहीन वा जनावरे नसलेल्या घरास गोबरगॅसचा लाभ आपोआप होत नाही. त्याला तुराट्या, काटक्या व वाळक्या फांद्या यांवरच भागवावे लागते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गरीब घरांत सिलिंडर नेण्याचा उपक्रम हाती घेतला; परंतु सिलिंडर पुन्हा भरण्यास रोख रक्कम लागते, आणि मोळीला ती लागत नाही. म्हणून बंदीचा नियम करताना प्रथम विचारावयाचा प्रश्न हा, की त्या नियमाचे ओझे कोणाच्या डोक्यावर जाणार आहे.

१८७८ चा कायदा व हिवरे बाजारची कुऱ्हाडबंदी यांचे शब्द जवळजवळ सारखेच आहेत : झाड तोडू नये. त्यांचे परिणाम भिन्न झाले. याचे श्रेय नियम ग्रामसभेने स्वतः केला एवढ्याच गोष्टीला देणे अपुरे होईल. नियमाबरोबर गवताची, गोठ्याची व चुलीची पर्यायी व्यवस्था उभी राहिली, हे त्याचे दुसरे आणि तितकेच महत्त्वाचे कारण होय. वनरक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्याने टेकडीवरील झाडे अवश्य मोजावीत. परंतु त्या टेकडीवरून उतरणाऱ्या पायवाटेवर मोळ्या किती उरल्या, आणि त्या कोणाच्या डोक्यावर आहेत, हेही मोजल्याखेरीज त्याचा हिशेब पुरा होणार नाही.